मुठीतलं टोक

देवदत्तची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझे दोन्ही हात दोराने बांधलेले होते आणि दोराचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. अशी सुरुवात झालेल्या गोष्टीचं पुढे काही बरं होईल, असं मला तरी वाटलं नव्हतं.

याला जबाबदार उल्का. ब्राउनश्वाइगमध्ये आम्ही दोघी एका घरात भाड्याने राहायचो. तिला शिवणकामाचं वेड, आणि त्या वेडापायी ती एका हौशी व्हायकिंग मंडळात शिरली होती. शहरापासून तासाभरावर, एका तळ्याकाठी, या मंडळींनी लाकडी घरांचं एक आख्खं गाव उभं केलं होतं. खरे व्हायकिंग, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचे ते उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, इतक्या आत कधी फिरकलेही नसतील. पण जर्मन माणसाने एकदा छंद मनावर घेतला की तो सुयासुद्धा हाडाच्या वापरतो.

महिन्यातल्या एका रविवारी तिथे नाटक व्हायचं. उत्तरेचा राजा, त्याला सगळे यार्ल म्हणत, परमुलखातून एक बंदिनी पकडून आणतो. हिवाळाभर तिचं मन वळवायला बघतो. ती वळत नाही. शेवटी तो तिला मोकळी करतो. बंदिनी होणारी मुलगी ऐन वेळी पाय मुरगळून घरी बसली आणि उल्काने माझ्याकडे पाहिलं.

"तुला एकच वाक्य आहे, स्वराली. बाकी वेळ फक्त रागावलेलं दिसायचं. ते तुला जमतं."

मे महिना होता, पण जर्मनीतला. आभाळ पार झाडांच्या शेंड्यांवर टेकलेलं, आणि धड पाऊसही नाही, नुसती भुरभुर. शेकडो वर्षं पाण्यात बुडून राहिलेलं लाकूड, हा माझ्या पीएचडीचा विषय. थोडक्यात, ओल आणि कूज यांच्याशी माझा रोजचाच संबंध. रविवारीही तेच वाट्याला यावं याचा मला मनापासून राग आला होता, त्यामुळे अभिनय करावा लागला नाही.

यार्ल आला. खांद्यावर मेंढीचं केसाळ कातडं, छातीपर्यंत दाढी, डोळ्यांभोवती काजळी. त्याने दोर ओढला आणि माझा पाय चिखलात सर्रकन घसरला.

"मेल्या, हळू ओढ की!" मी पुटपुटले.

यार्ल थबकला. मग झुकून, अगदी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मेल्या म्हणालीस?"

मराठीत. स्वच्छ मराठीत!

"परत म्हण ना... फार दिवसांनी ऐकलं."

मी आ वासून बघत राहिले. समोर सॉसेज खात बसलेल्या प्रेक्षकांना ते बंदिनीचं भय वाटलं असावं, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या प्रवेशात त्याने घोगऱ्या आवाजात, जर्मनमध्ये विचारलं, "मोकळी झालीस. कुठे जाशील?" याचं उत्तर हेच माझं एकमेव वाक्य. उल्काने सांगितलं होतं, मनाला येईल ते उत्तर दे.

"घरी," मी म्हणाले. "मला थंडी वाजतेय."

लोक खो खो हसले. यार्लसुद्धा हसला, दाढीआड का होईना.

नाटकानंतर तो शेकोटीपाशी दोर गुंडाळत बसला होता. मी जाऊन समोर उभी राहिले.

"मराठी आहेस हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मीच उल्काला म्हटलं, सांगू नकोस. राजाची काही गुपितं असावीत."

"महाराज, तुमच्या दाढीला मोहरीचा सॉस लागलाय."

त्याने घाईघाईने दाढी पुसली. दाढीच निघून हातात आली. खाली चांगला चेहरा होता, थोडा दमलेला.

त्याचा जन्म इथलाच. आईवडील मिरजेहून ऐंशीच्या दशकात आलेले. इथे वाढलेली मुलं मराठीत विचारलं तरी उत्तर जर्मनमध्ये देतात, पण याची आई मराठीत मागितल्याशिवाय पोळी वाढत नसे. त्यामुळे तो छान बोलायचा, फक्त त्याचं मराठी आईवडिलांनी देश सोडला त्याच सालात थांबलेलं होतं. ताशी अडीचशेने धावणाऱ्या गाडीला तो आगगाडी म्हणायचा. मी हसले की म्हणायचा, "मग काय म्हणतात हल्ली?" आणि मला ट्रेनखेरीज काही सुचायचं नाही.

त्या दिवशी त्याने मला गाठ शिकवली. माझे हात हातात घेऊन, सावकाश... गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश.

"हे टोक तुझ्या मुठीत राहतं बघ. मंडळाचा नियम आहे. ते ओढलंस की गाठ सुटते. आग लागली, मी चक्कर येऊन पडलो, काहीही झालं तरी बंदिनी केव्हाही मोकळी होऊ शकते. शेवटी मी विचारलं की तू मूठ उघडायचीस, म्हणजे मला ते टोक सापडेल."

"म्हणजे मी कधीही पळू शकते?"

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"मग ही कैद कसली?"

"तू टोक ओढत नाहीस... तेवढीच."

एवढं बोलून तो स्वतःच लाजला आणि दोराकडे बघायला लागला.

त्याच्या कमरेला लोखंडी किल्ली लटकत होती. मी विचारलं. तो म्हणाला, तोही नियमच. मोकळी झालेली बंदिनी फाटकातून बाहेर पडते. तिने मागे वळून बघायचं नाही. यार्लने थांब म्हणायचं नाही, जीव गेला तरी. पण ती कधी आपणहून परत आली, तर घराची किल्ली तिची.

"आली कोणी आजवर?"

"छे. सगळ्यांना शेवटची बस गाठायची असते."

आधीच्या बंदिनीचा पाय बरा झाला, पण मी काम सोडलं नाही. उल्का नुसती सूचक खोकायची. जूनमध्ये त्याने विचारलं, कुठे जाशील? मी म्हणाले, जिथे ऊन आहे तिथे. आणि जुलैमध्ये मी धीर केला. भर गर्दीत, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "राजाच्या घरी. चहा प्यायला."

लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. देवदत्तचा चेहरा मात्र पडला. गाठ सोडता सोडता तो हळूच म्हणाला, "तिथे नको."

मला रडूच आलं. इतकी कशी मी मूर्ख! लग्न झालेलं असणार, दुसरं काय. म्हणूनच तो दोर गुंडाळून झाला की थांबत नाही, सगळे बिअर घेऊन बसतात आणि हा पळतो. मी तळ्याकाठी जाऊन उभी राहिले. तेवढ्यात तो धावत आला, फोन कानाला, रंग उडालेला.

"बाबा घरातून बाहेर पडलेत. शेजारच्या फ्राऊ बेरेन्सचा डोळा लागला आणि... स्वराली, येशील? मला एकट्याला..."

आम्ही तसेच निघालो. तो कातड्यात, मी गोणपाटासारख्या झग्यात.

बाबा सापडले ट्रामच्या थांब्यावर. पायजमा, वर कोट, पाऊस नसताना डोक्यावर उघडी छत्री. नागेशराव म्हणजे त्या शहरातल्या पहिल्या मराठी इंजिनियरांपैकी एक. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मग माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आख्खा चेहरा उजळला.

"मनोरमा! अगं, किती उशीर..."

मी स्वराली आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर एक म्हातारा माणूस इतका आनंदला होता... मी त्यांच्या हातातली छत्री घेऊन मिटली.

"अहो, झाला जरा उशीर. चला घरी. चहा टाकते."

ते लगेच उठले. अहो राजे, अहो सरकार म्हणून मुलगा विनवत राहिला असता तरी हलले नसते, ते माझ्या मागोमाग निघाले. ट्राममधले प्रवासी आम्हा तिघांकडे बघत होते. मला हसू येत नव्हतं आणि देवदत्त रडत होता, काजळीसकट.

आई, मनोरमा, तीन हिवाळ्यांपूर्वी गेली, त्याने नंतर सांगितलं. तेव्हापासून बाबांचं एकेक गळत चाललं. आधी जर्मन गेली, चाळीस वर्षांची, पार धुऊन. मग आई गेल्याचंही विसरले. वृद्धाश्रमात मराठी कळणारं कोण? म्हणून हा घरी. सकाळी कारखाना, संध्याकाळी बाबा. महिन्यातला एक रविवार फ्राऊ बेरेन्स सांभाळायच्या, तेवढाच हा राजा.

"आता कळलं चहा का नको म्हणालो?"

"कळलं. पण चहा तू वाईट करतोस. उद्यापासून मी करेन."

आणि मी खरंच जायला लागले. आधी कधीतरी, मग रोज. मी वाढलं की बाबा जेवायचे. मी शेजारी बसले की झोपायचे. मनोरमाबाई मिरजेच्या बाजारात काय आणायच्या, कुणाशी भांडायच्या, सगळं मला त्यांच्याकडूनच कळायचं आणि मी हो म्हणायचे. मला देवदत्तसाठी ते करावंसं वाटायचं. त्यात काही खोटं नव्हतं.

स्वयंपाकघराला छोटीशी बाल्कनी होती. बाबा झोपले की आम्ही तिथे उभे राहायचो. खाली ओले रस्ते, समोर सगळी सारखीच राखाडी घरं. एकदा माझ्या कपाळावर हळद लागली होती. त्याने बोटाने पुसली आणि बोट तिथेच राहिलं.

"बंदिनीच्या अंगाला हात लावायची परवानगी नाही यार्लला," मी म्हणाले.

"यार्ल गेला घरी. हा मी आहे."

मी डोळे मिटले. त्याचे ओठ गार होते, चहाची चव असलेले. आतून बाबांची हाक आली, "मनोरमा!" आणि मी... मी "आले" म्हणून आत गेले.

माझ्या लक्षातही आलं नाही. त्याच्या आलं.

आणखी एक आठवण त्याच दिवसांतली. निघताना घाईत मी म्हणाले, "अहो, जाते मी." बाबांनी माझ्या जॅकेटची बाही घट्ट धरली. "जाते म्हणू नये. येते म्हण. त्या दिवशी दवाखान्यात जातानाही तू जाते म्हणालीस..." पुढे त्यांना आठवेना, पण बाही सोडेनात. मी तीनतीनदा येते म्हणाले तेव्हा त्यांनी सोडलं आणि म्हणाले, "ये." मिरजेत काय आणि कुठे काय, आपल्याकडे निरोपाला तेच म्हणतात. देवदत्त दारात उभा राहून सगळं पाहत होता.

सप्टेंबरात नॉर्वेहून मेल आला. ट्रॉन्डहाइममध्ये समुद्रातून काढलेल्या एका जुन्या जहाजावर काम करणारा गट होता. पीएचडी हाती आली की तिथे जायचं, तीन वर्षांसाठी. या कामाचं स्वप्न मी पुण्यात असल्यापासून बघत होते. मी त्याला सहज सांगावं तसं सांगितलं, कांदा चिरताना.

"जा," तो म्हणाला.

"एवढ्या लगेच?"

"त्यात विचार काय करायचा?"

"तुला मी नकोय?"

"हवीस! इतकी हवीस की मला धड कळेनासं झालंय, मला तू हवीस की या घराला बाई हवी. मी कारखान्यातून येताना जिन्यात वरणाचा वास आला की सुटकेचा श्वास टाकतो, स्वराली. सुटकेचा! प्रेम करणारा माणूस असा श्वास टाकतो का?"

"दमलेला माणूस टाकतो. तोही प्रेम करू शकतो."

"आणि तू? बाबांनी हाक मारली की तू आता मनोरमा म्हणूनच उठतेस. आईच्या नावाला ओ देतेस, माझ्याशी बोलता बोलता मध्येच. अजून वर्षभराने मी कुणाला हाक मारायची?"

मी चिडून निघून आले. कारण त्याचं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्याचा राग जरा जास्तच येतो. मी मनाशी ठरवलं, त्याने एकदा थांब म्हणावं. एकदाच. मी थांबेन. जहाज हजार वर्षं माझ्यावाचून राहिलं, आणखी राहील.

ऑक्टोबरमधलं नाटक या वर्षातलं शेवटचं होतं. पीएचडी तोवर हाती आली होती, आणि दुसऱ्या दिवशीचं माझं नॉर्वेचं विमान. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी मी बाबांना भेटून आले. "अहो, येते हं," म्हणाले. ते म्हणाले, "ये." आणि टीव्ही बघत राहिले. इतकं सोपं होतं ते.

त्या रविवारी सकाळपासून बारीक, गार पाऊस लागलेला. तळं आणि आभाळ एकाच रंगाचं. प्रेक्षक म्हणजे रेनकोट घातलेली मूठभर माणसं. अख्खं नाटक आम्ही एकमेकांकडे न बघता केलं. राजा गरजला, बंदिनी गप्प राहिली, हिवाळा आला आणि गेला. मग शेवटचा प्रवेश. तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला, माझे बांधलेले हात हातात घेतले.

"मोकळी झालीस. कुठे जाशील?"

मी उत्तर दिलं नाही. मूठ उघडली नाही.

त्याने दोर चाचपला. ओल्या दोराची गाठ आवळते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे आधी त्याला तेच कारण वाटलं. बोटं गारठलेली, नखं घसरत होती. प्रेक्षक वाट बघत होते. बाजूने मंडळाचा लोहार कुजबुजला, सुरी देऊ का? देवदत्तने नको म्हणून मान हलवली. आणि मग त्याला कळलं.

"स्वराली, टोक सोड."

"नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. मराठी कळतं का त्यांना? तू म्हण. एकदा थांब म्हण, मी या सगळ्यांसमोर मूठ उघडते."

"यार्लने म्हणायचं नसतं."

"यार्ल खड्ड्यात गेला. तू म्हण, देवदत्त."

त्याच्या खोट्या दाढीतून पाणी ठिबकत होतं. तो इतका जवळ होता की त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता.

"मी म्हणालो तर तू थांबशील," तो म्हणाला. "हेच मला सहन होणार नाही. मी जन्मभर बघत राहीन, ही थांबली की मी थांबवली. बाबांना मी सोडू शकत नाही. माझ्या मुठीत टोक नाहीये, स्वराली. तुझ्या आहे. ते माझ्यासाठी वाया घालवू नकोस..."

"माझ्यावर प्रेम आहे का, तेवढं सांग."

"आहे. फार आहे. आता सोड."

मी रडत होते. पुढच्या रांगेतल्या एक बाईही रडायला लागल्या, एक अक्षर न कळता. मला वाटलं होतं, राजाने थांबवलं म्हणजे प्रेम. आणि हा माणूस, ज्याला घरी जाऊन एकट्याने वरण लावायचं होतं, बापाला आईच्या नावाने समजावायचं होतं, तो माझ्यापुढे चिखलात बसून मला जायला सांगत होता.

मी मूठ उघडली.

त्याने टोक ओढलं. गाठ आवळलेली होतीच, जरा वेळ लागला, पण सुटली. मनगटांवर लाल वळ होते. त्याने एकदा त्यांवरून अंगठा फिरवला.

"कुठे जाशील?" त्याने पुन्हा विचारलं, मोठ्याने, जर्मनमध्ये. आवाज फाटला होता.

"उत्तरेला," मी म्हणाले.

"जा."

मी फाटकाकडे चालू लागले. माझ्यासाठी लोकांनी वाट करून दिली. मागे वळून बघायचं नाही, नियम होता. फाटकाचं लाकूड ओलं होतं, मी सवयीने त्यावर हात ठेवला. पलीकडे बसथांबा दिसत होता, छत्री धरून उभी असलेली उल्का दिसत होती. एक पाऊल बाहेर पडलं...

आणि मी वळले. नियम व्हायकिंगांचा. मी कुठली व्हायकिंग?

तो तसाच गुडघ्यावर होता, दोर मांडीवर.

"देवदत्त!"

त्याने वर पाहिलं.

"येते."

कुणाच्या वतीने नाही, कुणाची समजूत काढायला नाही. माझ्या नावाने, माझ्या तोंडाने. त्याला ते कळलं की नाही, मला काही वेळ समजेना. पाऊस मध्ये होता. मग त्याने कमरेची किल्ली सोडली, मुठीत घट्ट धरली, आणि मान डोलावली.

"ये," तो म्हणाला.

बस वेळेवर आली. उल्काने मला खिडकीशी बसवलं आणि छत्री मिटून पायाशी ठेवली.